मंडळी तीच की दुसरी?

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा नातू पुण्याहून आमच्या कोल्हारास आला होता. रात्रीची जेवणे आटोपली आणि आम्ही अंगणात बसलो, तेव्हा तो आपल्या फोनवर एका अमेरिकन वाद्यवृंदाची गाणी ऐकत होता. त्या वृंदाचे नाव ‘ईगल्स’. नातवाने मोठ्या उत्साहाने मला त्याचा सारा इतिहास सांगितला. 1971 साली लॉस एंजेलिस शहरी चार तरुणांनी हा वृंद काढला. मध्यंतरी जुने दोघे गेले, नवे आले. 1980 साली वृंद मोडला, 1994 साली पुन्हा जमला. 2016 साली संस्थापकांपैकी ग्लेन फ्राय हा वारला, आणि पुढल्याच वर्षी त्याचा मुलगा बापाच्या जागी उभा राहून बापाची गाणी गाऊ लागला. मूळच्या चौघांपैकी आता त्या वृंदात एकटा डॉन हेनली उरला आहे. एवढे सांगून नातवाने मला विचारले, “आजोबा, माणसे जर सगळी बदलली, तर मग हा वृंद तोच कसा?”

मी पडलो शाळामास्तर. मुलाने प्रश्न विचारावा आणि मास्तराने गप्प बसावे, हे काही शोभणारे नव्हे. पण अमेरिकन संगीतातले मला ओ की ठो कळत नाही. सबब मी त्याला आपल्याकडचीच एक हकीकत सांगावयास घेतली, ती आज आपणांपुढेही मांडीत आहे. ही हकीकत किर्लोस्कर नाटक मंडळीची आणि तिच्यातून व तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या मंडळ्यांची आहे.

अण्णासाहेब किर्लोस्कर, म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, यांचा जन्म 1843 सालचा, धारवाडाकडील गुर्लहोसूर गावचा. ते काही काळ बेळगावास शिक्षक होते, हे सांगताना माझ्यासारख्या पेशातल्या माणसाचा ऊर थोडा भरून यावा हे साहजिकच आहे. पुढे ते पुण्यास सरकारी कचेरीत नोकरीस होते. 1880 साली त्यांनी एका पारशी मंडळीचे गाण्याचे नाटक पाहिले आणि त्याच वर्षी 31 ऑक्टोबर रोजी पुण्यास ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. त्या रात्री मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले होते, बाळकोबा नाटेकर कण्व झाले होते, आणि शकुंतलेचे सोंग शंकरराव मुजुमदार या तरुणाने घेतले होते. श्रोत्यांनी हे शेवटचे नाव ध्यानात ठेवावे. पुढे आपणांस ते पुन्हा भेटावयाचे आहे.

त्या काळचे नाट्यसंगीत साधे होते. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा घरोघरी बायकापुरुषांच्या तोंडी असलेल्या चाली, त्यांत काही कानडी मुलखातून आलेल्या. गळा गोड असला आणि ताल अंगात असला की पद निभावून जाई. मोरोबा आणि बाळकोबा हे उत्तम गात, यात संशय नाही. परंतु नाटकाचा सगळा भार एकाच गळ्यावर पडत नसे. म्हणूनच ज्याचा लौकिक गायक म्हणून नव्हता, अशा मुजुमदारांनाही शकुंतला होता आले.

पहिला बदल दोनच वर्षांत झाला. 1882 साली बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत दाखल झाले. एकोणीस वर्षांचे वय, नाजूक बांधा, आणि वरच्या पट्टीत निर्मळ चढणारा आवाज. शकुंतला त्यांच्याकडे गेली, आणि त्याच वर्षी 18 नोव्हेंबरास ‘सौभद्र’ आले त्यात सुभद्राही तेच झाले. अर्जुन मोरोबांचा, नारद बाळकोबांचा, सुभद्रा भाऊरावांची. या त्रयीने महाराष्ट्राला संगीत नाटकाचे जे वेड लावले, ते पुढे पन्नास वर्षे उतरले नाही. लोक भाऊरावांना प्रेमाने ‘भावड्या’ म्हणत. आणि मुजुमदार? ते रुसून निघून गेले नाहीत. ते मंडळीतच राहिले, हळूहळू व्यवहार पाहू लागले, आणि पुढे मंडळीचे चालक झाले. त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे मासिकही चालविले. नायिकेची जागा गेली असता हिशेबाची वही हाती घेऊन त्याच बिऱ्हाडात राहणारा माणूस विरळा.

1885 साली अण्णासाहेब वारले. त्यांचे वय तेव्हा अवघे बेचाळीस वर्षांचे होते आणि ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले होते. संस्थापक गेला तरी मंडळीचे नाव किर्लोस्करांचेच राहिले, आणि ती पुढची पंधरा वर्षे भाऊरावांच्या गळ्यावर व गोविंद बल्लाळ देवलांच्या तालमीवर चालली. देवलांनी ‘मृच्छकटिक’ दिले, 1899 साली ‘शारदा’ दिले. वय वाढले तसे भाऊरावांनी लुगडे सोडले आणि पुरुषांच्या भूमिका घेतल्या. ‘शारदे’त ते कोदंड झाले. स्त्रीपार्टी नटाचे आयुष्य हे असे असते. राजापार्टी नट चाळिशीनंतरही राजा राहू शकतो, परंतु नायिकेला मिसरूड लपविता येत नाही. त्यामुळे मंडळी कितीही सुखाने नांदत असली तरी दहाबारा वर्षांनी तिला नवी नायिका शोधावीच लागे. माणसे बदलणे हे या धंद्याच्या प्रकृतीतच होते, त्यात कोणाचा दोष नव्हता.

1901 साली भाऊराव गेले. ‘आता किर्लोस्कर मंडळी संपली’ असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही. नायकाच्या जागी नानासाहेब जोगळेकर होतेच; नायिका मात्र हवी होती. ती 1905 साली मिळाली. नारायण श्रीपाद राजहंस हे तिचे नाव, आणि लोकमान्य टिळकांनी लहानपणीच त्यांचे गाणे ऐकून दिलेले नाव ‘बालगंधर्व’. त्यांनीही आरंभ शकुंतलेपासूनच केला. म्हणजे पहा, मुजुमदारांची शकुंतला भाऊरावांकडे गेली आणि काही वर्षांनी ती बालगंधर्वांकडे आली. आणि ही तिसरी शकुंतला उभी राहिली तेव्हा पहिली शकुंतला पडद्यामागे जमाखर्च पाहत होती.

आता ज्या वर्षापाशी मला थोडे थांबावयाचे आहे ते वर्ष 1911. त्या साली 12 मार्च रोजी मुंबईस कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. जोगळेकर धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, गणपतराव बोडस लक्ष्मीधर. चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि त्या चाली साकी-दिंडीच्या घराण्यातल्या नव्हत्या. ठुमरी, होरी, कजरी असा उत्तर हिंदुस्थानातला रसरशीत माल टेंब्यांनी मराठी पदांत ओतला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली होती. असे असताही रात्री पडदा वर गेला आणि भामिनी उभी राहिली. ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि तिचे कौतुकही पुष्कळ झाले आहे. मला मात्र ती ऐकताना दर वेळी थोडे अस्वस्थ वाटते. एक मनुष्य उभा राहिला नाही तर प्रयोगच उभा राहत नाही, अशी अवस्था तोपर्यंत मंडळीला आली होती, हे त्यातून दिसते. 1880 साली नायिका बदलता येत होती. 1911 साली ते शक्य राहिले नव्हते.

माझ्या समजुतीप्रमाणे पुढच्या साऱ्या फाटाफुटीचे मूळ येथे आहे. गाणे जड झाले, गवयाचे काम झाले, आणि उत्पन्नाचा ओघ एकदोन गळ्यांतून वाहू लागला. पण मालकीची व्यवस्था जुनीच राहिली. मालक तो मालक, आणि नट तो पगारी. ‘मानापमाना’च्या त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर वारले, टेंबे पेटीवरून उठून नायकाच्या जागी आले, आणि कारभार मुख्यत: मुजुमदारांच्या हाती राहिला. ज्याच्या नावावर नाट्यगृह भरते त्याचा तिजोरीत वाटा नाही, आणि ज्याची तिजोरी आहे त्याला आता रंगभूमीवर पाऊल टाकावयाचे नाही, ही जोडी फार दिवस कशी टिकावी? बोडसांनी ‘माझी भूमिका’ या आपल्या आत्मचरित्रात या काळाविषयी बरेच लिहिले आहे. अर्थात ती एका बाजूची साक्ष आहे, हे वाचणाऱ्याने विसरू नये. मुजुमदारांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. तीस वर्षे मंडळी जगविली ती त्यांच्यासारख्यांनी. दुष्काळात, प्लेगच्या साथीत, मुक्काम हलविताना दीडदोनशे ताटे वाढली ती कोणा गळ्याने नव्हेत.

5 जुलै 1913 रोजी बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापन केली. तिघे भागीदार. म्हणजे जो प्रश्न त्यांना जुन्या घरी छळीत होता त्याचे उत्तर त्यांनी नव्या घरात आधीच देऊन ठेवले होते, असे वाटावे. पण दोन वर्षे झाली नाहीत तोच 1915 साली टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी ‘शिवराज नाटक मंडळी’ काढली. पुढे काही वर्षांनी बोडसही वेगळे झाले. कागदावर तीन मालक होते. मंडळीचे नाव मात्र एकाचेच होते. ज्या घराच्या दारावर एकाचीच पाटी लागली आहे, तेथे बाकीचे भाडेकरूच ठरतात.

या ठिकाणी थोडे विषयांतर करतो. आमच्या कोल्हारास भगवतीच्या यात्रेत तमाशाचे फड येत, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. फडाची रीत निराळी. फडाला नाव असते ते चालविणाऱ्या माणसाचेच. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड. पुढे विठाबाई कर्त्या झाल्या तेव्हा पाटीवर विठाबाईंचे नाव. माणूस गेला की नाव गेले, नवा उभा राहिला की नवी पाटी. तेथे ‘फड तोच का?’ असा प्रश्नच कोणी विचारीत नाही. नाटक मंडळीला मात्र इभ्रतदार नाव हवे असे, आणि नावापायीच पुष्कळ भांडणे होत. मला हे ऐकीव ज्ञानाने कळले नाही. तरुणपणी आमच्या गावात आम्ही हौशी नाटकवाल्यांनी एक मंडळ काढले होते. मी त्यात प्रॉम्प्टर होतो. चार नाटके झाली आणि मंडळ फुटले. दोन्ही बाजूंना तेच नाव हवे होते, आणि दोन्ही बाजूंनी माझ्याकडे येऊन पडद्याची ट्रंक मागितली. मी कोणालाच दिली नाही. त्यामुळे झाले एवढेच की दोन्ही बाजूंची नाटके बंद पडली आणि पडदा आमच्या माळ्यावर कसरीने खाल्ला. तेव्हा मुजुमदारांवर टीका करण्याचा मला फारसा अधिकार नाही.

असो. गंधर्व मंडळीचे वैभव आपणांस ठाऊकच आहे. 1916 साली ‘स्वयंवर’ आले, त्याला भास्करबुवा बखल्यांचे संगीत. 1919 साली बडोद्यास ‘एकच प्याला’ आले, बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू. आणि ते लिहिणारे राम गणेश गडकरी त्याआधी महिनाभरच निवर्तले होते. साथीला सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा असे ख्यातनाम वादक. उंची शालू, खरी अत्तरे, भारी पडदे. हे सर्व प्रेक्षकांना पाहावयास मिळाले, आणि त्याचबरोबर मंडळीच्या डोक्यावर मोठे कर्जही झाले. हितचिंतकांनी वर्गणी जमवून ते फेडावे अशी तयारी दाखविली असता बालगंधर्वांनी ती नाकारली आणि प्रयोग करूनच फेडण्याचे ठरविले. त्यांनी ते फेडलेही. परंतु त्याचा अर्थ असा, की मालक झाल्यावरही सारा भार पुन्हा त्याच एका गळ्यावर होता.

इकडे किर्लोस्कर मंडळी मेली का? नाही. तिघे गेल्यावर तिने दुसरी माणसे मिळविली. गोव्यातील मंगेशीचा एक चौदापंधरा वर्षांचा मुलगा तिच्यात आला, दीनानाथ मंगेशकर. चिंतामणराव कोल्हटकर होते. गडकऱ्यांचे ‘पुण्यप्रभाव’ 1916 साली तिनेच केले. आणि 1918 साली पुन्हा तोच प्रसंग. दीनानाथ, चिंतामणराव आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बाहेर पडून ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली. गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ तिच्याकडे आले. चिंतामणरावांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका पाहिलेली म्हातारी माणसे त्याविषयी बोलताना आमच्या लहानपणी थकत नसत. पाच वर्षांत दोनदा गाभाच निघून गेल्यावर किर्लोस्कर मंडळीला पूर्वीचे दिवस आले नाहीत. नाव राहिले, नाटके राहिली, पण ज्यांच्यासाठी लोक तिकीट काढीत ते गळे दुसऱ्या तंबूत गेले होते.

आणखी एक मंडळी सांगावयाची आहे, आणि ती किर्लोस्करांच्या पोटची नव्हे. कोल्हापूरचे केशवराव भोसले 1890 साली जन्मले. गरिबीमुळे अगदी लहान वयात ते ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत आले. त्यांच्या शारदेने लोक वेडे झाले. तेथे पटेना म्हणून अठरा वर्षे पुरी होण्याच्या आतच ते बाहेर पडले, आणि 1 जानेवारी 1908 रोजी हुबळीस त्यांनी स्वत:ची मंडळी काढली. नाव काय ठेवावे? त्यांनी स्वत:चे ठेवले नाही. ‘ललितकलादर्श’ ठेवले. ज्या नाट्यगृहाला कोल्हापुरात पुढे केशवरावांचे नाव दिले गेले, ते 8 ऑगस्ट 2024 रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री, आगीत भस्म झाले. ती बातमी ऐकून मला त्या रात्री झोप आली नाही.

‘मानापमान’ नाटक तोवर गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन्ही मंडळ्या करीत असत. तेच नाटक, तीच पदे, एकीकडे बालगंधर्वांची भामिनी आणि दुसरीकडे केशवरावांचा धैर्यधर. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात दोन्ही मंडळ्या एकत्र आल्या आणि ‘संयुक्त मानापमान’ झाले. एका रंगभूमीवर केशवरावांचा धैर्यधर व बालगंधर्वांची भामिनी. त्या रात्रीच्या आठवणी सांगणारांत एक चढाओढीची कथा सांगणारे आहेत आणि एक सौजन्याची कथा सांगणारे आहेत; मला वाटते दोन्ही खऱ्या असाव्यात. त्यानंतर तीन महिने पुरे होण्याच्या आत, 4 ऑक्टोबर रोजी, केशवराव वारले. वय एकतीस.

आता मंडळीचे काय झाले पहा. मालक गेला, नायक गेला, गळा गेला. पण पाटीवर त्याचे नाव नव्हते, म्हणून पाटी उतरवावी लागली नाही. बापूराव पेंढारकरांनी धुरा घेतली. मामा वरेरकरांची ‘सत्तेचे गुलाम’, ‘तुरुंगाच्या दारात’, ‘सोन्याचा कळस’ ही नाटके त्यांच्या काळातली. नुसते गाणे विकण्यापेक्षा चालू काळाचा प्रश्न नाटकात आणावा, ही दृष्टी त्या मंडळीने ठेवली, आणि एका गळ्याचे ओझे त्यामुळे काहीसे हलके झाले, असे माझे मत आहे.

मग बोलपट आले. 1932 सालच्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबेच हरिश्चंद्र झाले. बळवंत मंडळीने 1934 साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढून पाहिला, आणि त्यात तिचे हात पोळले. 1935 साली बालगंधर्व ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. चार आण्यांत जे गाणे पडद्यावर ऐकू येऊ लागले त्यासाठी रात्रभर बसून रुपया कोण मोजणार? दीनानाथ 1942 साली पुण्यास अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेले. बालगंधर्वांनी मंडळी बंद केली, पुन्हा उभी केली, आणि उतारवयातही ते लुगडे नेसून उभे राहत. माझ्या वडिलांनी त्यांना तशा काळात पुण्यास पाहिले होते. वडील सांगत की पहिला अर्धा तास पाहवत नसे, आणि मग एखाद्या पदाची एक जागा अशी येई की डोळे मिटून घेतले तर समोर वीस वर्षांची सुभद्रा उभी. 1967 साली ते वारले. त्यांच्या नावाची मंडळी त्यांच्यामागे कोणी चालविणे शक्यच नव्हते.

1937 साली बापूराव पेंढारकरही गेले. त्यांचा मुलगा भालचंद्र तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तो जन्मला ते साल केशवराव गेले तेच, 1921. मंडळी कर्जात आणि मोडकळीस. काही वर्षांतच या मुलाने ‘ललितकलादर्श’चे नाव पुन्हा पाटीवर लिहिले. 1957 साली ‘दुरितांचे तिमिर जावो’, 1960 साली ‘पंडितराज जगन्नाथ’. नवे लेखक, नवे नट, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया. केशवरावांच्या वेळचे एकही माणूस त्यात असण्याचे कारण नव्हते. 2008 साली त्या नावाला शंभर वर्षे झाली तेव्हा भालचंद्रपंत हयात होते. 2015 साली, नव्वदी ओलांडून, ते गेले.

येथवर ऐकल्यावर नातू म्हणाला, “म्हणजे ईगल्ससारखेच. बापाच्या जागी मुलगा.” मी म्हटले, “होय, पण एक फरक आहे. तो मुलगा बापाची गाणी गातो. याने बापाची पाटी घेतली आणि नाटके नवी केली.” त्यावर तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, त्या लोकांची गाणी आता ऐकावयास मिळतात का? बालगंधर्वांच्या आणि दीनानाथांच्या तबकड्या पुष्कळ आहेत. आणि भालचंद्रपंतांनी तर आणखी एक काम केले होते. मुंबईस गिरगावातील साहित्य संघाच्या नाट्यगृहात ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन ते बसत आणि चालू असलेली नाटके टिपून ठेवीत. ती केवळ आपल्या मंडळीची नव्हेत, इतर संस्थांचीही. नातवाने त्याच फोनवर शोधून एक पद लावले. भगवतीच्या देवळातली शेजारती केव्हाच होऊन गेली होती. आम्ही दोघे ते शेवटपर्यंत ऐकत बसलो.